पालशेतच्या स्वयंपाकघरात पांढऱ्या राजम्याचं कोमट सॅलड: अन्न नोंदणीपासून पाहुण्यांच्या ताटापर्यंत

गुहागर तालुक्यात, पालशेतच्या जवळ आमचं घरगुती राहण्या-जेवण्याचं ठिकाण आहे. खोल्या मोजक्या, स्वयंपाक सासूबाई, मी आणि धाकटी जाऊ मिळून करतो. २०२३ च्या डिसेंबरपासून रात्रीच्या जेवणात आम्ही एक इटालियन पदार्थ द्यायला लागलो: पांढऱ्या राजम्याचं कोमट सॅलड. त्याच निमित्ताने अन्न व्यवसायाची सरकारी नोंदणीही करून घेतली, जी मी कित्येक वर्षं पुढे ढकलत होते. दोन्ही कामांची मला मनापासून धास्ती होती. आता आसपासच्या वाड्यांमधल्या बायका फोन करून विचारतात, काय लागतं, किती दिवस जातात, राजमा शिजतच नाही तर काय करायचं. म्हणून सगळं घडलं त्या क्रमाने लिहिते.

हा पदार्थ आमच्याकडे आला तो एका पाहुणीमुळे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीतल्या लुक्काकडची एक बाई राहायला होती. लुक्का तस्कनी प्रांतात येतं. तिला तिखट सोसत नव्हतं, पण सासूबाईंची बिरड्याची उसळ तिने मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी वाल सोलताना आमच्याबरोबर खाली बसली. त्यांच्याकडे पांढरा राजमा असाच रोजच्या जेवणात असतो म्हणाली. तस्कनीच्या लोकांना बाकीचे इटालियन ‘मांज्याफाजोली’ म्हणजे राजमाखाऊ म्हणूनच चिडवतात. त्यांची आवडती जात कान्नेल्लीनी, लांबट आणि पातळ सालीची. पूर्वी फुगीर काचेच्या बाटलीत राजमा, पाणी, तेल, लसूण आणि सेज नावाचा सुगंधी पाला घालून ती बाटली चुलीच्या निखाऱ्यांशी रात्रभर ठेवायचे.

राजमा मूळचा अमेरिकेतला, युरोपात तो सोळाव्या शतकात पोचला. त्याआधी इटलीत चवळी खात असत, आणि त्राझिमेनो नावाच्या तळ्याकाठी बारीक दाण्याची चवळी अजूनही पिकवतात. सासूबाईंना हे फार आवडलं. “म्हणजे चवळी त्यांची नि आपली एकच गो,” म्हणाल्या. पुढे पावसाळ्यात ही चवळीच आमच्या कामी आली, ते नंतर सांगते.

आमच्याकडे पुण्या-मुंबईची कुटुंबं येतात. दुपारी मासे किंवा मोदकांचं भरगच्च जेवण झालं की रात्री आजी-आजोबा आणि लहान मुलं ‘काहीतरी हलकं’ मागतात. खिचडी नि कढी आम्ही देतोच. पण पोटाला धरेल असा, मसाल्याशिवायचा, शाकाहारी आणि कोमट पदार्थ मला हवा होता. पाहुणीने सांगितलेलं सॅलड त्यात नेमकं बसत होतं.

गणपती उरकल्यावर, २०२३ च्या सप्टेंबरअखेर, मी राजमा शोधायला लागले. जवळच्या बाजारात लाल आणि चित्रा राजमा होता, पांढरा एकाच दुकानात मिळाला, तोही पोत्याच्या तळाशी राहिलेला. रात्रभर भिजवला, दोन तास शिजवला, तरी अर्धे दाणे गणंग. मऊ दाण्यांचा लगदा झाला तरी शेजारचा दाणा दाताखाली खडा. सासूबाईंनी एक दाणा चावून पाहिला आणि म्हणाल्या, “हा पावसाळा खाल्लेला आहे.”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि कोकणात कडधान्य शिजवणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवण्यासारखं. उष्ण आणि दमट हवेत महिनोन्‌महिने राहिलेल्या राजम्याच्या पेशींना एकमेकींशी जोडणारं पेक्टिन घट्ट बांधलं जातं. मग कितीही भिजवा, किती शिट्ट्या करा, दाणा सुटत नाही. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते काय सांगायचं. त्यामुळे पांढरा राजमा घ्यायचा तो दिवाळीच्या सुमाराला नवीन माल आल्यावर, आणि आधी पावशेरच घ्यायचा. दाणे एकसारखे पांढरे आणि तुकतुकीत हवेत. पिवळट झाक आली असेल, साल सुरकुतलेली असेल तर घेऊ नका. घरी आणल्यावर मूठभर भिजवून शिजवून पाहायचे, जमले तर त्याच पोत्यातले आणखी आणायचे. मी चिपळूणच्या मोठ्या किराणा दुकानातून १७० रुपये किलोने आणला. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवते.

डब्यातला परदेशी कान्नेल्लीनीही मिळतो, पण तो परवडत नाही आणि चवीला पाणचट लागतो. आपला पांढरा राजमा जरा गोल असतो, सालही किंचित जाड. सॅलडला उत्तम चालतो.

ऑक्टोबरमध्ये बाकीची जमवाजमव केली. ऑलिव्ह तेल मुंबईहून येणाऱ्या पुतण्याकडून मागवलं, एक्स्ट्रा व्हर्जिन, लिटरला ११५० रुपये. एवढे पैसे तेलावर घालताना जीव वरखाली झाला. ‘पोमेस’ लिहिलेलं स्वस्त तेल मिळतं, पण ते चोथ्यातून काढून शुद्ध केलेलं असतं आणि त्याला वास उरलेला नसतो. या पदार्थात तेल हाच मसाला आहे, तेव्हा काटकसर करायची तर दुसरीकडे करा. रोजमेरी या सुगंधी पाल्याची, वाळवलेल्याची, छोटी बाटली ९५ रुपयांना मिळाली, ती हंगामभर पुरली. ताजी रोजमेरी कुंडीत लावायचा मोह होतो, पण तिला कोरडी हवा लागते, आपल्या पावसात मुळं कुजतात.

पार्सली, म्हणजे दिसायला कोथिंबिरीसारखा पाला, मात्र मी लावली. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर, बी रात्रभर पाण्यात ठेवून दोन कुंड्यांत पेरलं. रोज सकाळी माती बघायचे, काही नाही. पार्सलीचं बी उगवायला तीन-चार आठवडे सहज घेतं, हे मला ठाऊक होतं, तरीही जाऊ म्हणालीच, “वहिनी, ह्या कुंड्यांत कोथिंबीर टाकू या का?” दिवाळीत पहिले कोंब दिसले. तेव्हापासून एप्रिलपर्यंत ऊन कडक होईतो पाला मिळत राहिला. कोथिंबीर घातली तर चव आपल्या चटणीकडे वळते, म्हणून पार्सली नसेल त्या दिवशी मी कुठलाच पाला घालत नाही.

आता नोंदणी. ओळखीच्या लोकांना जेवण देत होतो तोवर कुणी विचारलं नाही. पण नव्या पदार्थाचा फलक लावायचा, त्याचे वेगळे पैसे घ्यायचे, तर कागद हातात असावा असं आमच्या ह्यांचं मत पडलं, आणि माझंही. वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना परवाना नाही, साधी नोंदणी लागते, असा मी अर्ज केला तेव्हाचा नियम. फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती, एका वेळी एक ते पाच वर्षांसाठी भरता यायची. अर्ज ‘फॉसकॉस’ या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या पोर्टलवर, आणि आपल्याकडे काम पाहतं ते रत्नागिरीचं अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय. रत्नागिरीला एकदाही जावं लागलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण बऱ्याच जणी त्या प्रवासाच्या कल्पनेनेच मागे राहतात.

अर्ज घरबसल्या मोबाइलवरून करता येतो. पण आमच्या घरात रेंज नाही. ओटीपी येतो तो वर सड्यावर गेल्यावर, आणि तोवर त्याची वेळ संपलेली असते. म्हणून सोमवारी, ६ नोव्हेंबरला, सरळ सेवा केंद्रात गेले. तिथल्या मुलाने प्रकार विचारला. यादीत उपाहारगृह, केटरर असं बरंच असतं. त्यात ‘घरगुती खानावळ, डबेवाले’ अशा अर्थाचा एक प्रकार आहे, आम्ही तो निवडला. फोटो, आधार आणि जागेचा पुरावा एवढंच लागलं. पाच वर्षांचे ५०० रुपये आणि केंद्राचे दीडशे. ईमेल आणि पासवर्ड वहीत लिहून घ्या, आणि मोबाइल नंबर आपलाच द्या. केंद्राचा नंबर घातला की पुढचे सगळे निरोप त्यांच्याकडे जातात.

जागेचा पुरावा म्हणून वीजबिल जोडलं होतं. ते अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. ९ तारखेला अर्जावर शंका काढल्याचा मेसेज आला: अर्जदार आणि जागेचा पुरावा यांची नावं जुळत नाहीत, ताब्याचा पुरावा नि संमती जोडा. वाचून पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. ग्रामसेवकांकडे दोन-तीन गावं, त्यांचा आमच्याकडचा वार ठरलेला, आणि मध्ये सगळी दिवाळी. करंज्या तळताना डोक्यात तेच चालू होतं, मुदत निघून गेली तर पैसेही गेले आणि अर्जही.

तसं काही होत नाही. शंकेला उत्तर द्यायला पुरेशी मुदत असते, ती पोर्टलवरच दिसते. भाऊबीज झाल्यावर शुक्रवारी, १७ नोव्हेंबरला, ग्रामपंचायतीत गेले. घर सासूबाईंच्या नावावर असल्याचा नमुना ८ चा उतारा हवा होता. आधी चालू वर्षाची घरपट्टी भरायला सांगतात, तेव्हा ते पैसे जवळ ठेवूनच जा. पावती फाडली, उतारा अर्ध्या तासात मिळाला, त्याचे २० रुपये. संमतीपत्र साध्या कागदावर घरी लिहिलं: माझ्या घराच्या स्वयंपाकघरात सुनेने अन्न व्यवसाय करण्यास माझी हरकत नाही. सासूबाईंनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं, मग विचारलं, “ह्यात माझं नाव कशाला? करते तर तू आहेस.” घर तुमचं आहे म्हणून, असं म्हटल्यावर त्यांनी जी सही केली, तिला पाच मिनिटं लागली असतील, एकेक अक्षर जपून. २० तारखेला कागद चढवले. २८ नोव्हेंबरला प्रमाणपत्र आलं, वर चौदा अंकी क्रमांक.

आमच्याकडे तपासणीला कुणी आलं नाही. नियमाप्रमाणे सात दिवसांत नोंदणी देतात, नाकारतात किंवा तपासणीची सूचना देतात. तपासणी निघाली तरी घाबरू नका. पिण्याच्या पाण्याची सोय, झाकलेला कचरा, जाळीच्या खिडक्या, स्वयंपाक करणाऱ्याची नखं-केस हे बघतात, आणि ते आपल्या घरात असतंच. प्रमाणपत्राची प्रत दर्शनी लावायची. बिलावरही तो क्रमांक छापायचा असतो. आम्ही बिलबुकासाठी शिक्का करून घेतला.

अर्ज अडकला होता त्या दिवसांत मी राजम्यावर हात बसवत होते, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथलं. या पदार्थात राजमा, तेल आणि आंबट एवढ्या तीनच गोष्टी बोलतात. त्यामुळे राजमा नीट शिजला नाही तर झाकायला काहीच नसतं.

पाच जणांसाठी पाव किलो कोरडा राजमा. दीड लिटर पाण्यात दीड मोठा चमचा मीठ विरघळवून त्यात दहा-बारा तास भिजवायचा. मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही असं आपण ऐकत आलो, पण भिजवण्याच्या पाण्यातलं मीठ सालीतलं कॅल्शियम हलवतं आणि साल मऊ होते, फाटतही नाही. खारं पाणी फेकून, दाणे धुऊन, ताज्या पाण्यात चढवायचे. आम्ही डोंगराकडच्या विहिरीचं पाणी वापरतो. जांभ्यातून आलेलं ते पाणी हलकं आहे. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, जड पाण्यात राजमा हट्ट धरतो. तुमच्याकडे तसं असेल तर शिजवण्यापुरतं चांगलं पाणी बाहेरून आणा, किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. चिमटीपेक्षा जास्त नको, साबणासारखी चव येते.

पाण्याला खळखळून उकळी आली की पुढची दहा मिनिटं आच कमी करायची नाही. राजम्यात कच्चेपणी एक विषारी प्रथिन असतं. लाल राजम्यात जास्त, पांढऱ्यात त्याच्या साधारण तिसरा हिस्सा, पण असतं. कोमट आचेवर, उकळी न आणता तासन्‌तास ठेवलेल्या राजम्यात त्याचा त्रास उलट वाढतो, चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. पाहुण्यांना वाढणाऱ्या बाईने ही दहा मिनिटं घड्याळ लावून मोजावीत. निखाऱ्यावरची बाटली ऐकायला छान वाटते, पण मी राजमा आधी उकळते आणि मगच मंद आचेवर नेते.

फेस काढून टाकायचा. मग आच अगदी मंद, पाण्यावर अधूनमधून एखादाच बुडबुडा येईल इतकी. ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, चिमूटभर रोजमेरी, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल आणि थोडं मीठ. झाकण अर्धवट. नवीन राजमा तासाभरात होतो. झाला की नाही हे बघायला चमच्यात दोन-तीन दाणे घ्यायचे आणि हलकी फुंकर मारायची. साल सुटून कागदासारखी वळली की एक दाणा जीभ आणि टाळू यांमध्ये दाबायचा. दाताची गरज न पडता तो लोण्यासारखा पसरला पाहिजे, मधे पिठूळ कण राहता कामा नये. गॅस बंद करून त्याच पाण्यात अर्धा तास मुरू द्यायचा. हे पाणी ओतू नका, सॅलडचा अर्धा जीव त्यात आहे.

गर्दीच्या दिवशी कुकर चालतो: एक शिट्टी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्यायची. काही दाणे फुटतात, ते चेचून रस दाट करायला वापरते.

लिंबू, व्हिनेगर किंवा टोमॅटो यांतलं काहीही शिजताना घालायचं नाही. आंबटाने दाणा कडक होतो. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, आपण उसळीत आमसूल टाकतो तेही वाल शिजल्यावरच.

आता सॅलड. पसरट कढईत दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, अगदी मंद गॅस. त्यात लसणाच्या तीन पाकळ्यांच्या पातळ चकत्या, रोजमेरी आणि सुक्या मिरचीचा छोटा तुकडा. लसूण फिकट सोनेरी झाला की थांबायचं, तांबूस झाला तर कडवटपणा सगळीकडे उतरतो. हात सवयीने मोहरी-हिंगाकडे जातो, तो आवरायचा. निथळलेला राजमा आणि त्याचं दोन डाव पाणी घालून कढई हलवत राहायचं. दोन-तीन मिनिटांत तेल आणि पाणी एकजीव होऊन दाण्यांना चकचकीत, सैलसर रस धरतो. गॅस बंद. लगेच, दाणे वाफाळत असतानाच, एका लिंबाचा रस, मीठ, भरड मिरपूड. गरम राजमा आंबट आणि मीठ आत ओढून घेतो, गार झाल्यावर घातलं तर ते बाहेरच राहतं. कांदा पातळ चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवलेला, पिळून. चेरी टोमॅटो मिळाले तर अर्धे करून, नाहीतर साध्या टोमॅटोच्या बिया काढून. पार्सली. आणि वाढताना वरून दोन मोठे चमचे कच्चं ऑलिव्ह तेल. हाताला सोसेल इतकं गरम असताना ताटात जायला हवं.

जाऊने पहिल्यांदा चाखून विचारलं, “ओलं खोबरं भुरभुरू का?” मी नको म्हटलं, आणि अजूनही नकोच म्हणते. खोबरं, गूळ, कढीपत्ता हे आपलं वैभव आहे, पण ते घातलं की उसळ होते, आणि उसळ आम्ही त्याहून चांगली करतो. कोकमाचं आगळ लिंबाऐवजी घालून पाहिलं. चव वाईट नव्हती, पण राजमा गुलाबी झाला, आगळातल्या मिठाने खारटही, आणि ऑलिव्ह तेलाचा वास पार झाकला गेला. पाहुण्याला इटालियन म्हणून जे देतो, ते तिथल्या माणसाने ओळखावं एवढं तरी खरं असलं पाहिजे, असं मला वाटतं. अलिबागचा पांढरा कांदा मात्र मी आनंदाने घालते. फेब्रुवारीनंतर त्याच्या माळा दिसायला लागतात. तो गोडसर असतो, पाण्यात ठेवायचीही गरज पडत नाही.

शुक्रवारी, २२ डिसेंबरला, नाताळच्या गर्दीत पहिल्यांदा पाहुण्यांना वाढलं. पुण्याचं एक कुटुंब होतं, बरोबर ऐंशीच्या घरातली आजी. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होते, हात पुसत. आजींनी दोन घास सावकाश खाल्ले, मग भाकरीचा तुकडा मोडून रसाला लावला आणि नातवाला म्हणाल्या, “हे खा रे, दात नसले तरी खाता येतं.” त्या रात्री मला शांत झोप लागली. इटलीत याच्याबरोबर भाजलेला पाव असतो. आमच्याकडे तांदळाची भाकरी चुलीवर थोडी जास्त कडक करतो, रस टिपायला ती छान लागते.

मासे खाणाऱ्यांसाठी याचं दुसरं रूप आहे. इटलीत पांढरा राजमा, कांदा आणि तेलातला ट्यूना एकत्र खातात. आपल्याकडे ट्यूना म्हणजे कुपा. ताजा कुपा मिळाला तर त्याचे जाड तुकडे मीठ लावून, तेलात मंद आचेवर शिजवून, हाताने मोडून वर घालते. कुपा बर्फात नसेल तर घेत नाही, कितीही स्वस्त असो. उन्हात राहिलेल्या कुप्याने अंगावर गांधी उठतात, आणि शिजवल्यानेही तो दोष जात नाही.

हिशेब असा पडला: राजमा ४३ रुपये, तेल ८६, कांदा-टोमॅटो १२, लिंबू ६, बाकी वास-मसाला १०, गॅस धरून १६५ च्या आसपास. पाच वाट्या होतात, म्हणजे वाटीला ३३ रुपये. आम्ही ९० घेतो. तेलाचा भाव वाढला तर पुढच्या हंगामात शंभर करावे लागतील.

राखण्याच्या बाबतीत मी फार कडक आहे. गरम वाढायचं अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं असतं, आणि कोमट सॅलड नेमकं त्याच्या खाली येतं. म्हणून ते करून ठेवत नाही. शिजवलेला राजमा त्याच्या पाण्यासकट फ्रिजमध्ये ठेवते, पाहुणे पाटावर बसले की लागेल तेवढाच वाफ येईपर्यंत गरम करून कालवते. आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते, कधी रात्रभर येत नाही. अशा रात्रीनंतर फ्रिजमधला राजमा गुरांना जातो. लसणाचं तेलही करून ठेवू नका. बाहेर राहिलेल्या लसूण-तेलात बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात, आणि त्याचा वासही येत नाही.

मे महिन्यात राजम्याचा डबा तळाला लागला. जूनपासून मी पांढरा राजमा आणतच नाही, सप्टेंबरमधला तो गणंग दाणा विसरलेले नाही. पावसाळ्यात तेच सॅलड पांढऱ्या चवळीचं करते. तिला चार-पाच तासांचं भिजवणं आणि अर्ध्या-पाऊण तासाची मंद आच पुरते. दाणा लवकर फुटतो, म्हणून पंचवीस मिनिटांनंतर दर पाच मिनिटांनी बघायचा. बाकी कृती तीच, पार्सलीशिवाय. प्रमाणपत्रावर नोंदणीची मुदत नोव्हेंबर २०२८ पर्यंत आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या आधीच करायचा, असा मी नोंदणी केली तेव्हाचा नियम होता, म्हणून तारखेची चिठ्ठी प्रमाणपत्राशेजारी कॅलेंडरच्या खिळ्यालाच लावून ठेवली आहे. वीजबिल सासूबाईंच्या नावावर करून घ्यायचा अर्जही दिलाय. त्याला मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि घरपट्टीची पावती लागली.